तलाव कोणाचा?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात तिसरीच्या वर्गाला मी विचारलं होतं, “गावचा तलाव कोणाचा?”

पहिलं उत्तर आलं, “सरकारचा.” दुसरं, “पाटलाच्या आज्यानं बांधला, तं त्याइचा.” मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, “आमचा. आमचे बाबा मच्छी मारतेत ना.” तिचे वडील ढिवर सोसायटीचे सभासद. एकानं मान हलवून सांगितलं, “ज्याच्या बांधीत पानी जाते त्याचा.” आणि खिडकीपाशी बसलेला, एरवी तोंड न उघडणारा एक पोरगा म्हणाला, “बगळ्याचा.” सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहून मोकळा झालो: तलाव ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. मुलांनी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं.

घरी जाताना सायकलवर लक्षात आलं, की मालकी, वारसा, उपजीविका, पाण्याचा हक्क आणि मुक्या जिवांचा वाटा एवढ्या पाच गोष्टी आठ वर्षांच्या पोरांनी पाच मिनिटांत पुढ्यात ठेवल्या होत्या, आणि मी त्यांवर एक कोरडं वाक्य झाकण म्हणून ठेवून आलो होतो. पुढच्या वर्षी तो धडा मी उलट्या टोकानं शिकवला. त्यानंतर जे जमलं आणि जे फसलं, ते आपल्या गोंदिया जिल्ह्यात पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, आणि घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आईबापांसाठी, इथं लिहितो आहे.

सामाजिक न्याय हा शब्द लहान मुलांसमोर उच्चारायची घाई करू नका. त्यांना त्या शब्दाआधीची गोष्ट ठाऊक असते. “त्याला दोनदा मिळालं, मला एकदाच” ही तक्रार बालवाडीतलं मूलही करतं. तिथूनच सुरुवात करायची. माझ्या वर्गात मी तीन प्रश्न ठरवून घेतले आणि वर्षभर कोणत्याही वस्तूला तेच लावले: हे कोणाचं? इथं काय करायचं हे कोण ठरवतं? आणि ठरवताना कोणाला विचारलंच नाही? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो मुलांना पटकन आवडतो, मोठ्यांना थोडा उशिरा.

पहिली-दुसरीत हे प्रश्न शाळेच्या दोरीला, झोपाळ्याला, पोषण आहाराच्या रांगेला लावा. एक खेळ मी दरवर्षी घेतो. वर्गाबाहेर काढलेल्या सगळ्या चपला गोळा करायच्या, ढीग करायचा आणि न बघता प्रत्येकाला एक-एक जोड वाटायचा. सगळ्यांना सारखंच मिळालं, एकेक जोड. आता घाला आणि व्हरांड्यात चालून दाखवा. हसून हसून पोरं लोळतात. मग विचारायचं, “सारखं मिळालं ना? मग अडलं कुठं?” सारखं वाटणं आणि ज्याला जे हवं ते पोचणं यांतला फरक त्या दिवशी कळतो तो कळतोच. पुढं वर्गातल्या कमी दिसणाऱ्या मुलाला पहिल्या ओळीत बसवलं, तर “त्यालाच का?” असं कोणी विचारत नाही. एकच काळजी घ्या. काही मुलं अनवाणी येतात. आपल्या भागात ती हमखास असतात. तुमच्या वर्गात असं एक जरी मूल असेल, तर चपलांऐवजी दप्तरं घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या दप्तरातल्या वह्यांनी आपला अभ्यास होत नाही हे त्यातूनही समजतं.

तिसरी-चौथीपासून मात्र गावचा तलाव हेच पुस्तक करावं, असं माझं ठाम मत आहे. असं पुस्तक पुण्या-मुंबईच्या शाळांना मिळणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जवळपास सात हजार जुने तलाव आहेत. मुलं त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात आणि कित्येकांना खरंच वाटतं की तो कोणाच्या तरी मामाचा आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजातल्या लोकांनी काही शतकांपूर्वी हे तलाव बांधले. उतार ओळखून मातीची पाळ घालायची आणि एका तलावाचं जादा पाणी दुसऱ्यात सोडायचं, हे त्यांचं शास्त्र. नवेगावबांधही त्यातलाच. नंतर गावं मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांकडे गेली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो. पाणी धानाला जातं, काठावर गुरं चरतात, कुठं शिंगाडा लावलेला असतो. आणि बगळा तर आहेच. आपल्या जिल्ह्यात सारसही आहे, महाराष्ट्रात इतरत्र तो जवळजवळ दिसत नाही.

म्हणजे मुलांची पाचही उत्तरं खरी होती. फक्त ती एकमेकांना भेटलेली नव्हती.

तलावावर मुलांना न्यायचं तर दिवाळीनंतर न्या. आषाढ-श्रावणात पाळ निसरडी असते, पाणी काठोकाठ असतं आणि सापांचे दिवस असतात. धान कापून झालं की वाट कोरडी होते, माणसंही बोलायला मोकळी असतात. पालकांना आधी कळवा, दर सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, पाण्यात कोणी उतरायचं नाही हा नियम मुलांकडूनच आदल्या दिवशी करवून घ्या. जाण्यापूर्वी प्रत्येक गटानं तलावाचा नकाशा आठवणीतून काढायचा आणि परत आल्यावर दुसरा काढायचा. पहिल्या नकाशात बहुधा पाळ, पाणी आणि देऊळ असतं. दुसऱ्यात माणसं येतात.

प्रत्येक गटानं पाच जणांशी बोलायचं. त्यांतली निदान दोन माणसं अशी हवीत: एक बाई, आणि एक ज्याच्याकडे जमीन नाही असं कोणी. ही अट घातली नाही तर पोरं सरपंच, पोलीस पाटील आणि किराणा दुकानदार गाठून परत येतात, मी अनुभव घेतलाय. प्रश्न साधे असावेत. तुम्ही तलावावर कशासाठी येता? तलाव आटला तर तुमचं काय अडतं? पाणी सोडायचं कोण ठरवतं? ते ठरवायच्या बैठकीला तुम्ही जाता का? गाळ कोणी काढला पाहिजे? पाचवा प्रश्न विचारला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुलं ते टिपून आणतात, आणि फळ्यावर बाणांचं जे जाळं होतं, ते बघण्यासारखं असतं.

परत आल्यावर तीन रकाने आखा. तलावाकडून काय मिळतं, ते कोण घेतं, तलाव राखतं कोण. दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येतं. जास्त घेणारा राखतोच असं नाही, आणि राखणाऱ्याला पुरेसं मिळतंच असं नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर बायकांनी तलावातली बेशरमाची झुडपं काढून माशांना उपयोगी पाणवनस्पती पुन्हा लावल्याची कामं झाली आहेत. तुमच्या जवळ असं काही झालं असेल तर त्या बायकांनाच वर्गात बोलवा. मुलांच्या डोळ्यांसमोर ‘नागरिक’ या शब्दाला चेहरा हवा असतो. तो धोतर नेसलेल्या किंवा खादीच्या टोपीतल्या पुढाऱ्याचाच असतो, असं वाटायला लागण्याआधी हे झालेलं बरं.

पाण्याची वाटणी हा यातला सगळ्यात रसाळ भाग. वर्गात बाकं किंवा पाट्या लांबलचक ओळीत लावा, ती नहर. दहा मुलं म्हणजे दहा बांध्या. एका मुलाकडे लोटाभर पाणी आणि त्यानं वरून वाटत यायचं. वरच्या बांध्यावाले वाटी भरून घेतात, शेवटच्या दोघांच्या वाट्या कोरड्या राहतात. आता त्यांनी काय करावं? भांडावं? रात्री येऊन बांध फोडावा? जिल्हा परिषदेकडे जावं? सगळ्यांनी बसून पाळी लावावी? पाळी लावायची तर कोणापासून सुरू करायची? एका वर्षी एका मुलीनं सुचवलं की शेवटच्या बांधीपासून उलटं सुरू करा, वरच्यांना कसंही मिळणारच आहे. वर्गातल्या दोन पोरांचे बाप एकाच नहरीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला होते. तो तास संपला तरी वाद संपला नव्हता, आणि मी तो मिटवायला गेलो नाही. न्यायाच्या गोष्टीत शिक्षकानं निकाल देण्याची घाई करू नये, पोरांना घाम फुटू द्यावा.

इथं एक कागद उपयोगी पडतो, आणि शिक्षकांना तो क्वचितच माहीत असतो. विदर्भातल्या गावांना जुन्या मध्य प्रांतापासून चालत आलेलं निस्तार पत्रक आहे, आणि वाजिब-उल-अर्ज आहे. पहिल्यात गावाच्या मोकळ्या जमिनीवर गुरं चारणं, सरपण, माती, दगड, मसणवट अशा गोष्टींचे हक्क लिहिलेले असतात. दुसऱ्यात वाटा, पाणी, मासेमारी यांविषयीच्या गावच्या रिवाजांची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं, म्हणजे १९६६ च्या कायद्यानंही ही पत्रकं कायम ठेवली. तलाठी कार्यालयात किंवा तहसिलीत विचारा, आपल्या गावची नक्कल मिळते का बघा. चौथीच्या मुलांना त्यातली भाषा कळणार नाही. पण हक्क म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे, तो कागदावर लिहिलेला असतो आणि आपण तो मागून बघू शकतो, एवढं त्या पिवळ्या पानावरून कळतं. जंगलालगतच्या देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी भागातल्या शाळांनी याच्या जोडीला २००६ च्या वनहक्क कायद्याची गोष्ट सांगावी. गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा आता तेंदूपत्ता स्वतः विकतात. घरी आई-आजीसोबत पानांचे पुडे बांधणाऱ्या मुलांना हिशेबाचं गणित तिथूनच द्या. भाव कोण ठरवतं, हा आपला दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो.

आता अवघड भाग. तलावावरच्या मुलाखतींत कधी एखादी म्हातारी सांगते, “आमची बाजू अलग होती. त्या बाजूनं आम्हाले येऊ देत नोयते.” मूल ते जसंच्या तसं वर्गात घेऊन येतं. शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. विषय बदलायचा मोह होतो, बहुतेक जण बदलतातही. बदलू नका. पण त्या मुलाला उभं करून “सांग तुझ्या आजीचं” असंही म्हणू नका. वर्गात कोणत्याही मुलानं आपल्या जातीचं किंवा गरिबीचं उदाहरण म्हणून उभं राहायचं नाही, हा नियम शिक्षकानं स्वतःला घालून घ्यावा. त्या जागी इतिहास आणा, इतिहास त्यासाठीच आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरं, कुत्री पाणी पीत होती, अमुक माणसांना मात्र मनाई होती. मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव त्याआधीच, १९२३ मध्ये केलेला होता. म्हणजे कागद होता, पण पाणी मिळत नव्हतं. तलाव पाहून आलेल्या मुलाला हे ऐकताना वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. “कायदा होता तर मग का नाही पिऊ दिलं?” हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर शोधायला तुम्हाला एक पूर्ण तास लागेल. द्या.

दुसरी गोष्ट मुक्ता साळवेची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी साधारण चौदा वर्षांची होती, तेव्हा मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. अन्यायाविषयी मोठ्यांनीच बोलायचं आणि लहानांनी ऐकायचं, असा नियम नाही, हे पोरांना सांगायला याहून चांगलं उदाहरण आपल्या भाषेत नाही. पाचवीच्या मुलांना मी सांगतो, तुमच्याहून चार वर्षांनी मोठी होती ती. मग वह्या उघडल्या जातात.

याच विषयावर अमेरिकेतला एक प्रसिद्ध प्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणांत कधी कधी सांगितला जातो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेच, एप्रिल १९६८ मध्ये, आयोवा राज्यातल्या रायसव्हिल गावच्या जेन इलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या मुलांची निळे डोळे आणि तपकिरी डोळे अशी विभागणी केली. एक दिवस एका गटाला वरचढ ठरवलं, नंतर दुसऱ्याला. भेदभाव कसा वाटतो ते मुलांना अंगावर कळलं. काही उत्साही शिक्षक तसं आपल्याकडं करायला बघतात, लाल फीत आणि निळी फीत बांधून वगैरे. कृपा करून करू नका. तिथल्या मुलांसाठी ते एका-दोन दिवसांचं सोंग होतं. आपल्या वर्गातल्या काही मुलांना ते रोज संध्याकाळी घराच्या वाटेवर खरंखुरं भेटतं. त्यांना त्याची तालीम शाळेत कशाला?

शाळेतच न्याय नसेल तर तलावाचा धडा फुकट जातो, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते, सही-अंगठ्यांची घाई होती. मी वर्गात उभा राहून यादी वाचली, कोणत्या प्रवर्गाचे कोण ते मोठ्यानं, आणि त्या मुलांना एका बाजूला उभं केलं. दहा मिनिटांचं काम. मधल्या सुट्टीत एका पोरीनं डबा वेगळा बसून खाल्ला. त्याआधी ती सगळ्यांत बसायची. कोणी तिला काही बोललं होतं का, ते मला आजही माहीत नाही. यादी मात्र मीच वाचली होती. तेव्हापासून शिष्यवृत्तीचं काम मी पालकांना शाळेत बोलावून, एकेकाशी बोलून करतो. वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

तुम्हीही आठवडाभर आपल्या वर्गाकडे परक्याच्या नजरेनं बघा. झाडू कोणाच्या हातात असतो? पाण्याचा हंडा कोण भरतं? पाहुणे आले की चहा आणायला मुलगी जाते आणि खुर्च्या लावायला मुलगा, असं का? पहिल्या बाकावर कोण, मागं कोण? झाडूची पाळी हजेरीपटाच्या क्रमानं लावा आणि त्यात शिक्षकाचंही नाव घाला. माझं नाव सत्ताविसावं आहे. माझी पाळी आली की पोरं कोपरे तपासायला खास येतात.

भाषेचंही असंच. आपल्या जिल्ह्यातलं मूल घरी झाडीबोली बोलतं, पोवारी बोलतं, गोंडी बोलतं, हिंदी किंवा छत्तीसगढीही बोलतं. ते ‘पानी’ म्हणालं, डोळ्याला ‘डोरा’ म्हणालं की आपण नकळत हसतो किंवा लगेच दुरुस्त करतो. लेखी मराठी शिकवायची आहेच, पण त्याच्या आईची बोली चुकीची आहे असं कळवून नव्हे. भिंतीवर एक मोठा कागद लावा. एका शब्दासाठी वर्गात किती भाषा आहेत ते लिहीत चला. मुंगी, पाऊस, भात, मामा. गोंडी शब्द सांगणारं पोर त्या दिवसापुरतं मास्तर होतं, त्याची मान बघा कशी ताठ होते.

मुलगा-मुलगी भेदासाठी व्याख्यान लागत नाही. एक घड्याळ पुरतं. प्रत्येकानं वहीत मोठं वर्तुळ काढायचं, चोवीस तासांचे भाग पाडायचे आणि कालचा दिवस रंगवायचा: झोप, शाळा, खेळ, घरकाम, शेतातलं काम. मग घरी जाऊन आईचं आणि बाबांचं घड्याळ रंगवून आणायचं. रोवणीच्या दिवसांत हे केलं तर आईच्या घड्याळात मोकळा रंग जवळजवळ उरतच नाही. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांची मजुरी आणि पुरुषाची मजुरी सारखी आहे का, हे मुलांनाच विचारून यायला सांगा. जिथं घरी विड्या वळल्या जातात तिथं मुलींच्या घड्याळात संध्याकाळचे दोन तास कुठं जातात तेही दिसेल. त्यावर वर्गात निवाडा करू नका, त्या घराची चूल त्यावर पेटते. एका वर्षी एका वडिलांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, “मास्तर, पोराले काय शिकवलं? तो आता मले भांडे घासाले लावते.” रागावलेले नव्हते, हसतही नव्हते.

मतदानाचा खेळ बहुतेक शाळांत होतो, शालेय मंत्रिमंडळ निवडलं जातं. होतं असं की मास्तर हुशार पोरांची नावं सुचवतात आणि वर्ग हात वर करतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या करा, वाचता न येणाऱ्यांसाठी उमेदवारांना चिन्हं द्या, डब्यात एकाऐवजी दोन चिठ्ठ्या टाकण्याची युक्ती कोणी केली तर ती कशी पकडायची याचा विचार मुलांवर सोपवा. हरलेल्यांशी बोला, ते जास्त गरजेचं आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्याजवळच एक मोठी गोष्ट आहे. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, आपला जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या निवडणुकीत उभे होते स्वतः बाबासाहेब आंबेडकर, आणि ते हरले. ज्यांनी संविधान लिहिण्यात पुढाकार घेतला, त्यांना त्याच संविधानानं दिलेल्या मतानं लोकांनी पाडलं, आणि त्यांनी तो निकाल मानला. पाचवीच्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. “बरोबर केलं का लोकांनी?” विचारतात. बहुमताचं ते बरोबरच असतं का, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. मग शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची माहिती द्या. तिथं ग्रामसभा बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं ठरवते, एकाचाही विरोध असेल तर बोलणं चालू राहतं. वर्गाच्या सहलीचं ठिकाण एकदा या पद्धतीनं ठरवून बघा. आमचं तीन दिवस चाललं आणि शेवटी नागझिऱ्याऐवजी कचारगडला गेलो.

नागरिक कोण, हा प्रश्नही आपल्याकडे पुस्तकाबाहेर सापडतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्या वसाहतीत जन्मलेली, मराठी बोलणारी, थंडीत स्वेटर विकायला जाणारी माणसं आपली शेजारी आहेत. काहींनी भारतीय नागरिकत्व घेतलं आहे. अनेकांकडे मात्र अजून परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आहे आणि मत नाही. मत नसलेला शेजारी आपल्या गावचा असतो का? त्याला शाळेत, दवाखान्यात वेगळं वागवायचं का? मी उत्तर देत नाही. गावचा असणं आणि देशाचा नागरिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच फळ्यावर ठेवतो.

संविधानाची उद्देशिका २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला वाचली जाते. रोज म्हटली की ती पाढ्यासारखी होते, हे आपण सगळे जाणतो. एका महिन्याला त्यातला एकच शब्द घ्या. जुलैत ‘बंधुता’, कारण रोवणीला एकमेकांच्या बांधीत जाणं चालू असतं. मार्चमध्ये ‘समता’, महाडच्या तारखेमुळं. ‘न्याय’ मी नोव्हेंबरात घेतो, तलाव बघून आल्यावर. संविधान स्वीकारल्याचा दिवसही २६ नोव्हेंबरच.

“शाळेत राजकारण कशाला?” हा आक्षेप येईल, पालकांकडूनही आणि कधी आपल्याच स्टाफ रूममधूनही. त्यावर मी वाद घालत नाही. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला शिवछत्रपती, पाचवीला सार्वजनिक जीवनाचे नियम, हे सगळं अभ्यासक्रमातच आहे, एवढं दाखवतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्र लिहून रयतेच्या धान्याला, गवताला हात लावू नका अशी ताकीद दिली होती. सत्ता असलेल्यालाही नियम लागू असतो, ही नागरिकशास्त्राची पहिली ओळ त्या पत्रात आहे. पक्षाचं नाव, निशाणी, नेत्याची बढाई किंवा निंदा मात्र वर्गात अजिबात येऊ देऊ नका. ते राजकारण आणि हे शिक्षण वेगळं आहे, हे आपल्या वागण्यातून दिसलं की पालक शांत होतात.

शेवटचं काम पत्राचं. वर्षाकाठी मुलांनी ग्रामपंचायतीला एक तरी खरं पत्र लिहावं. मोठ्या मागण्या नकोत. शाळेसमोरच्या हातपंपाचं गळणं, तलावाच्या पाळीवर पडलेली काच, मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या बसची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ न जुळणं, असं काही. मुलांनी मोजून, पाहून लिहावं: पंपातून अर्ध्या तासात किती बादल्या पाणी वाया जातं, किती मुलींची बस चुकते. उत्तर आलंच नाही तर? बहुतेक वेळा पहिल्या पत्राला येत नाही. तेव्हा “आपल्याकडं असंच असतं” हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघता कामा नये. दुसरं पत्र लिहायचं, पहिल्याची तारीख घालून. तिसरं ग्रामसभेत वाचायला एखाद्या पालकाला द्यायचं. मुलांची ही पत्रं वर्गात एका फायलीत तारीखवार लावून ठेवा. पुढच्या वर्षीचा वर्ग ती फाईल पुढं चालवतो. आमच्या फायलीत हातपंपाची चार पत्रं आहेत. चौथ्यानंतर वायसर बदलला.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली की दवंडी होते. तुमच्या मुलांचं पत्र त्याच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत पोचलं पाहिजे. दोन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती पोच आणायला एखाद्या चौथीच्या मुलीलाच पुढं करा, तुम्ही दाराशी उभे राहा.